इन-एन-आउटवरील प्रेम जाहिरातीतून आलेले नाही

कॅलिफोर्नियातील लोकांचे ‘इन-एन-आउट बर्गर’ या बर्गरच्या दुकानांच्या साखळीवरील प्रेम हा केवळ जाहिरातीचा परिणाम आहे, असे काही जण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या बाल्डविन पार्क येथे १९४८ साली हॅरी आणि एस्थर स्नायडर या दांपत्याने गाडीत बसूनच ऑर्डर देता येईल असे छोटेसे दुकान सुरू केले, आणि फ्रँचायझी (आपल्या नावाने दुकान चालवण्याचा परवाना) इतरांना न देण्याचा व गोठवलेले मांस न वापरण्याचा नियम तेथे आजही पाळला जातो. स्वतःच्या वितरण केंद्रातून ताजा माल वेळेत पोहोचेल, तेवढ्याच अंतरात नवी शाखा निघते. म्हणूनच ही साखळी इतकी सावकाश वाढली. काउंटरपलीकडचा मुलगा अख्खा बटाटा यंत्रात ठेवून दांडा खाली ओढतो आणि लांब काप भराभर खालच्या भांड्यात पडतात, हे मी दर वेळी थांबून पाहतो. (हे फ्राईज लवकर मऊ पडतात, हे खरे, ते तिथेच गरम खावेत.) आमच्यासारख्या शाकाहारी मराठी कुटुंबाला पदार्थांच्या फलकावर नसलेले ग्रिल्ड चीज (मांसाऐवजी फक्त चीज घातलेला बर्गर), त्यात परतलेला कांदा घालून, मागताक्षणी मिळते, आणि मुलांना शुक्रवारी संध्याकाळी दुसरीकडे कुठे जायचेच नसते.