दादांसाठी ए.ए.ची मीटिंग: सांगली-मिरजेत कशी शोधावी आणि पहिल्यांदा कसे जावे?

तासगावचा धाकटा

माझे थोरले बंधू बेचाळीस वर्षांचे असून आमची द्राक्षबाग तेच पाहतात. गेल्या वर्षी ते एका व्यसनमुक्ती केंद्रात महिनाभर राहून आले आणि पुढचे सात महिने त्यांनी दारूचा थेंबही घेतला नाही; परंतु फेब्रुवारीत माल गेला, व्यापाऱ्याकडून पैसे हातात आले आणि त्याच रात्री पुन्हा सुरुवात झाली. परवा ते स्वतःहून म्हणाले, "मला थांबायचं आहे, पण एकट्याला जमत नाही." केंद्रातून निघताना 'ए.ए.च्या मीटिंगला जात जा' (ए.ए. म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांची संघटना) एवढेच सांगितले गेले होते. कुठे आणि कोणत्या वारी, हे कोणी सांगितले नाही. मीटिंग कशी शोधावी, नाव नोंदवावे लागते का, पैसे किती लागतात, आणि मला त्यांच्यासोबत बसता येईल का? दादा देव मानत नाहीत, त्यामुळे तिथे प्रार्थनेचा आग्रह असेल तर ते उठून येतील. शिवाय तासगावात सगळेच ओळखीचे आहेत, ही त्यांची सर्वांत मोठी भीती आहे.

साताऱ्याचा सहप्रवासी

आपल्या बंधूंनी उच्चारलेले ते एक वाक्य हीच ए.ए.ची एकमेव अट आहे: दारू थांबवण्याची इच्छा. नोंदणी नाही, शुल्क नाही. शेवटी एक पिशवी फिरते, तीत सदस्य स्वखुशीने काही टाकतात; नवख्याने काही टाकावे अशी अपेक्षा नसते. १९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक शल्यविशारद, दोघेही मद्यपी, एकमेकांशी बोलून सावरले, आणि मीटिंगमध्ये आजही मुख्यतः तेवढेच घडते: एक जण आपली हकीकत सांगतो, बाकीचे मध्ये न बोलता ऐकतात. दादांना पहिल्या दिवशी काहीही बोलण्याची सक्ती नसते.

मीटिंग दोन प्रकारच्या असतात. 'बंद' मीटिंग फक्त मद्यपींसाठी असते, तर 'खुल्या' मीटिंगला आपण सोबत बसू शकता, म्हणून फोनवर आधी हेच विचारा. ए.ए.च्या भारतातील संकेतस्थळावर हेल्पलाइन आणि मीटिंगची माहिती मिळते, परंतु जागा व वेळ बदलत असल्याने निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. शासनाच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावरही मार्गदर्शन मिळते. आमच्याकडे साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी स्थापन केलेली 'परिवर्तन' ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करते. अशा संस्थांतील समाजसेवकांना आसपासच्या मीटिंग माहीत असतात.

देवाविषयी सांगायचे तर ए.ए.च्या बारा पायऱ्यांमध्ये, म्हणजे दारूपासून दूर राहण्याच्या त्यांच्या कार्यक्रमात, ईश्वराचा आणि आपल्याहून मोठ्या शक्तीचा उल्लेख आहे आणि मीटिंगमध्ये प्रार्थनाही म्हटली जाते, हे दादांपासून लपवू नका. मात्र 'आपापल्या समजुतीनुसार' असे शब्द तिथे मुद्दाम घातलेले आहेत. माझ्यासाठी ती शक्ती म्हणजे समोर बसलेली दहा माणसे होती. ओळखीच्या भीतीने मी स्वतः पहिले वर्षभर सातारा सोडून दर रविवारी पुण्याला जात असे. आपणही तासगाव टाळून मिरजेपासून सुरुवात करावी, आणि पहिली मीटिंग रुचली नाही तरी निदान पाच-सहा वेळा जाऊन मगच मत बनवावे.

मिरजेची परिचारिका

मीटिंगच्या आधीची एक गोष्ट सांगणे मला अत्यावश्यक वाटते. दादा सध्या रोज पीत असतील तर दारू एकाएकी बंद करू नका. हात थरथरणे आणि घाम येणे काही तासांतच सुरू होते, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते आणि त्यानंतर भास होऊन माणूस जिवावर बेतेल इतका बेभान होऊ शकतो. शासकीय रुग्णालयातील मानसोपचार विभागात आधी दाखवा. ते औषधे आणि बी-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस सुरक्षितपणे पार पाडतात. 'रुग्णाला न सांगता दारू सोडवा' अशा जाहिरातींतील पुड्या जेवणात मिसळू नका. अशा पुड्यांत डायसल्फिरामसारखे औषध असेल आणि त्यावर दारू घेतली गेली, तर रक्तदाब धोकादायकरीत्या घसरू शकतो. शिवाय हे उघडकीस आले की घरच्यांवरचा विश्वास जातो, तो वेगळाच.

सांगलीची गृहिणी

वहिनींविषयी कोणीच विचारले नाही, म्हणून लिहीत आहे. मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी अल-अनॉन ही स्वतंत्र संघटना १९५१ पासून आहे. मी तिथे गेले तेव्हा यजमान अजून पीतच होते. बाटल्या शोधणे, त्यांच्या कामावर खोटे निरोप देणे, उधारी फेडणे, हे सगळे मी प्रेमापोटी करत होते आणि त्यामुळेच त्यांना थांबण्याची गरज भासत नव्हती, हे मला तिथल्या बायकांकडून कळले. वहिनींनी दादांच्या सुधारण्याची वाट न पाहता स्वतःसाठी जावे.

तासगावचा धाकटा

आपणा सर्वांचा मनापासून आभारी आहे. उद्या सकाळी मानसोपचार विभागात जात आहोत. हेल्पलाइनवर बोलणे झाले आणि शनिवारी संध्याकाळी मिरजेत खुली मीटिंग असल्याचे समजले. वहिनींना शेवटचे उत्तर वाचून दाखवले; त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितले. दादांनी एवढेच विचारले, की मीटिंग संपल्यावर तासगावची शेवटची एसटी मिळेल का. मी मोटारसायकल काढतो म्हणालो.