लॉन चटईवानी गुंडाळून हातात येतंय, काय झालं असंल?

औसारोडवाला:
नमस्कार मंडळी. लातूरला घर हाय, समोर ६०० स्क्वेअर फूट मोकळी जागा. मागच्या जुलैत गुत्तेदाराकडून मेक्सिकन लॉन टाकून घेतलं, खाली काळी माती होती तशीच ठेवली, वर चार बोटं लाल माती. दिवाळीपर्यंत असं दिसत होतं की पाव्हणे चप्पल काढून फिरायचे. ह्या मे महिन्यात अजून जोमात यावं म्हणून ओळखीच्या गोठ्यातून एक ट्रॉली शेणखत आणून पसरलं. आता ऑगस्ट लागला आणि सगळंच बिघडलंय. मधे मधे परातीएवढे वाळके पट्टे पडलेत, गवत धरून ओढलं की मुळासकट चटईवानी वर येतंय. कंपाउंडच्या कडेला वाळलं नाही पण पिवळंजर्द पडलंय, दोनदा युरिया टाकला, फरक शून्य. तिथं पाऊस झाला की दोन दोन दिवस पाणी थांबतं आणि लव्हाळा तर इतका की उपटून उपटून बोटं दुखायलीत. गुत्तेदार फोन उचलंना. घरची म्हणतीय सगळं उखडून ब्लॉक बसवा. पाणी कमी पडतंय का? रोज संध्याकाळी पाइपनं शिंपडतो मी.

थेट_उपाय:
थिमेट टाका मूठभर नि वरून पाणी सोडा, आठ दिवसात साफ. आमच्या उसाला हेच टाकायचो.

परभणीकर७२:
थेट उपाय भाऊ, थिमेट म्हणजे फोरेट, त्याच्यावर ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे. कुणाकडं जुनी पिशवी पडून असली तरी जिथं लेकरं अनवाणी खेळतात तिथं असलं विष टाकायचं नावच काढू नका.

औसारोडवाले दादा, तुमच्या इथं तीन वेगळी दुखणी आहेत, एका औषधात बसवू नका. आधी वाळक्या पट्ट्याची कड जिथं हिरव्याला लागते ना, तिथं फूटभर लांब फूटभर रुंद खुरप्यानं उचका, चार-सहा इंच खोल. पांढरी, तपकिरी डोक्याची, इंग्रजी सी सारखी वळून पडलेली अळी सापडली तर हुमणी. मुळं खाऊन टाकते म्हणून गवत धरून राहत नाही. साळुंक्या, बगळे चोचीनं लॉन उकरतात का, तेही बघा. आणि शेणखत कच्चं होतं का हो? कच्च्या खतावर हुमणीचे भुंगे हमखास येतात, त्यांच्याच अंड्यातून ही अळी निघते. वळवाचा पाऊस पडला की ते जमिनीतून निघतात, रात्री कडुलिंब-बाभळीचा पाला खातात नि पहाटे मातीत जाऊन अंडी घालतात.

औसारोडवाला:
साळुंक्या रोज सकाळी! मी म्हणायचो किती छान, पाखरं येतात दारात. खत कच्चंच होतं, वाफा निघत होत्या. आणि गेटसमोर कडुलिंब हाय, त्यालाच खेटून स्ट्रीटलाइट, म्हणजे भुंगे उजेडावर पण येत असतील. उद्या खणून सांगतो.

वावर_ते_वाडा:
मी नर्सरी चालवतो (गाव सांगत नाही, नाहीतर म्हणाल जाहिरात करायला आला). कडेच्या पिवळ्याचं सांगतो. नवीन पान पिवळं आणि शिरा हिरव्या असतील तर ती लोहाची कमतरता, युरिया ओतून काही होणार नाही. नत्र कमी असलं तर आधी जुनी, खालची पानं पिवळी पडतात. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते, वरून बोअरचं जड पाणी, कंपाउंडला प्लास्टर करताना सिमेंट-चुना पडलेला, शिवाय तिथं पाणी साचतंय. लोह मातीत असतं पण मुळाला मिळत नाही. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, आणि दोन चिमटी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबूफुल, मिसळून संध्याकाळी पानावर फवारा, दहा-बारा दिवसांनी परत. मातीत टाकू नका, चुनखडीत अडकून बसतं. आणि फरशीवर उडू देऊ नका, माझ्या पोर्चला पडलेले तांबडे डाग तीन वर्षं झाली तसेच हायेत.

कोरडा_बोअर:
माफ करा पण लातुरात लॉन? एप्रिल २०१६ मधी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून पाजलंय ह्या गावाला. ६०० फूट म्हणजे ५६ चौरस मीटर, उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरलं तरी २८० लिटर. महिन्याला साडेआठ हजार, दीड टँकर नुसतं गवताला. हरळी लावा, मे मधी पाणी तोडलं की वाळल्यावानी दिसती, पण मिरगाचा पाऊस पडला की परत हिरवी. वावरात जिला आयुष्यभर शिव्या दिल्या तीच दारात शोभा देती.

परभणीकर७२:
कोरडा बोअर कडवट बोलले पण हिशोब बरोबर आहे. आणि रोज शिंपडणं पहिलं बंद करा, वरची दोन बोटंच ओली होतात, मुळं वरच राहतात. पावसाची उघडीप पडली तरच आठवड्यातून दोनदा, पण भरपूर.

पाणी साचतंय तिथं वाळू मिसळायचा सल्ला कुणीतरी देईलच. चिकण मातीत थोडीथोडकी वाळू म्हणजे विटेचा गारा. त्यापेक्षा भिंतीकडून रस्त्याकडं दहा फुटाला दोन-अडीच इंच उतार काढा. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी, आल्यावरच हात लावा, ओल्यात तुडवलं तर अजून घट्ट बसंल.

औसारोडवाला:
खणलं. एका चौरस फुटात अकरा निघाल्या!! एक तर करंगळीएवढी. घरची लांबूनच बघून आत गेली. मग आता?

परभणीकर७२:
हातानं वेचून रॉकेलच्या पाण्यात टाका, एवढ्या जागेला दोन दिवस पुरे. मेलेलं गवत उचलून टाका. मग मेटारायझियम, ती बुरशी आहे, हुमणीला रोग लावते. बारीक अळीवर चांगली चालते, मोठीवर वेळ लागतो. चांगल्या कुजलेल्या खतात मिसळून संध्याकाळी, माती ओली असताना द्या, त्याच आठवड्यात बुरशीनाशक वापरू नका. कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पुढच्या जूनमधी पहिला पाऊस झाला की रात्री कडुलिंबाच्या फांद्या हलवायच्या, भुंगे टपाटप पडतात, खाली रॉकेल-पाण्याचं घमेलं ठेवा.

वावर_ते_वाडा:
लव्हाळा राहिला. उपटला की खालच्या गाठी तुटून तेवढेच नवे कोंब. उसात हॅलोसल्फ्युरॉन हे तणनाशक वापरतात, एकरी ३६ ग्रॅम. तुमच्या जागेला अर्धा ग्रॅम होतो, तो मोजणार कशानं? सोनाराकडं जाणार काय. त्यापेक्षा पाणी साचणं थांबवा, निम्मा जोर तिथंच कमी होतो, उरलेला वाफशावर खुरप्यानं गाठीसकट काढा.

औसारोडवाला:
घरी तह झाला. भिंतीकडची २०० फूट ब्लॉक, तिथं तसंही काही जगत नव्हतं. उरलेल्या चारशेत वाळक्या जागी हरळीचे तुकडे लावतो, बांधावरून फुकट मिळतील. हिराकस आणलं. फवारायच्या आधी पोर्चवर जुनी ताडपत्री टाकतो.

कोरडा_बोअर:
बांधावरची आणताना मुळाला लव्हाळ्याच्या गाठी नाहीत ना ते बघून घ्या.