न्यूरो रिहॅबचा स्टाफ: थकवा की डिप्रेशन? ड्यूटी कशी लावावी?

ओटी_इनचार्ज
आमच्याकडे फिजिओ आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं पुन्हा शिकवणारे) दोघांकडेही बहुतेक स्ट्रोक आणि मणक्याच्या दुखापतीचे पेशंट. पाऊण तास व्यायाम आणि तेवढा वेळ नातेवाइकांचं एकच, "मॅडम, चालतील ना हो?" काही जण हल्ली गप्प असतात, नोट्स अर्धवट राहतात. याला बर्नआउट (कामाच्या ताणाने आलेला थकवा) म्हणायचं की डिप्रेशन? ड्यूटीत काय बदलता येईल?

मनोविकार_ओपीडी
सुट्टीत माणूस सावरतो का ते आधी बघा. बर्नआउट कामाशी बांधलेला असतो. आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीमध्येही तो आजार म्हणून धरलेला नाही. डिप्रेशन रविवारीही पाठ सोडत नाही. झोप, भूक बिघडते, कशातच मन लागत नाही. दोन आठवडे असंच चाललं तर पीएचक्यू-९ हा डिप्रेशन तपासायचा फॉर्म भरायला सांगा. ९ प्रश्न, एकूण २७ गुण. १० किंवा जास्त आले तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावं. नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्य सोडून काहीही आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी मदत हवी.

पण फॉर्म तुम्ही गोळा करू नका. इनचार्जच्या हातात जाणार म्हटल्यावर लोक शून्यच टाकतात. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

न्यूरो_फिजिओ
खरी झीज त्या "चालतील ना"मध्ये आहे. स्ट्रोकनंतर पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, मग वेग मंदावतो. नेमका तेव्हाच घरच्यांचा धीर सुटतो आणि फिजिओला हसरा चेहरा ठेवावा लागतो. मनात एक, चेहऱ्यावर दुसरं, हे दिवसभर फार जड जातं. म्हणून पुढे काय शक्य आहे ते डॉक्टरांनीच, फिजिओला शेजारी बसवून, नातेवाइकांना सांगावं आणि केसपेपरवर लिहावं. मग "या आठवड्यात आधाराशिवाय बसणं जमवायचंय" एवढं खरं बोलणं फिजिओला पुरतं.

अवघड पेशंट लागोपाठ लावू नका, मध्ये गुडघ्याचा किंवा खांद्याचा पेशंट टाका. चालणाऱ्यांना दहा मीटर चालायला लागणारी वेळ दर आठवड्याला मोजा. नजरेला न दिसणारी सुधारणा सेकंदांत दिसते आणि तिची गरज फिजिओलाही असते.

ओटी_इनचार्ज
आणि रोजचा पेशंट अचानक गेला तर?

न्यूरो_फिजिओ
त्या दिवशी त्या वेळेला नवा पेशंट देऊ नका. बातमी तुम्ही स्वतः सांगा. रजिस्टरमध्ये नावावर मारलेली रेघ बघून ती कळता कामा नये. तशी कळणं आमच्या क्षेत्रात सर्रास होतं.