मांजराची पाठ थरथरते, स्वतःच्याच शेपटीवर तुटून पडते – हायपरएस्थेसियाचा (कातडी अतिसंवेदनशील होण्याच्या आजाराचा) अनुभव असलेल्यांची मदत हवी आहे

आमची ठमी, वय तीन वर्षं, नसबंदी झालेली, पूर्णवेळ घरातच असते. गेले काही महिने तिला अधूनमधून काहीतरी होतं. झटका म्हणावं की नाही हेच कळत नाही, म्हणून जसं दिसतं तसं लिहिते. निवांत बसलेली असताना अचानक कमरेकडची कातडी सरसरत जाते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, कान मागे जातात आणि मान वळवून ती शेपटीकडे बघते, जणू ती शेपटी दुसऱ्याच कुणाची आहे. मग तिच्यावरच फिस्कारते, चावते आणि घरभर सुसाट धावत सुटते. थोड्या वेळाने सगळं थांबतं आणि बाईसाहेब काही झालंच नाही अशा थाटात पंजा चाटत बसतात.

डॉक्टरांनी तपासलं, रक्ताचे रिपोर्ट ठीक आहेत. व्हिडिओ बघून ते म्हणाले, "फिलाइन हायपरएस्थेसिया सिंड्रोम असावा." फ्लुओक्सेटीन सुरू करू या, असं त्यांचं मत आहे. माझा औषधाला विरोध नाही. पण इतर काही तपासण्याआधी थेट मेंदूवर काम करणारी गोळी? पिसवा दिसल्या नाहीत एवढ्यावरच तो विषय संपला, एक्सरे काढलेला नाही. हा आजार सांभाळलेल्यांनी कृपया सांगा, निदान कसं पक्कं झालं? आणि झटका चालू असताना तुम्ही नक्की काय करता? मी जवळ गेले की ती आणखी बिथरते.

चारमांजरी: पिसवा "दिसल्या नाहीत" याला काही अर्थ नाही. मांजर चाटून चाटून त्या गिळून टाकतं. ॲलर्जी असेल तर मोजके चावेही पुरतात आणि खाज नेमकी कमरेवर, शेपटीच्या बुडाशी उठते. दाट दातांची फणी फिरवा, निघालेली काळी कणी ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवा. तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा. पण फणीत काही आलं नाही तरी उपचार कराच. घरातल्या सगळ्या प्राण्यांवर, सलग तीन महिने तरी. मोठ्या पिसवा मेल्या तरी कोष घरात फटीफटीत टिकून असतात.

नवखा_बोका: आमच्याकडे कुत्र्याचं पिसवांचं औषध शिल्लक आहे. तेच थेंबभर लावलं तर चालेल का?

शेपूटवाला (पशुवैद्य): @नवखा_बोका, अजिबात नको. कुत्र्यांच्या काही औषधांत पर्मेथ्रिन नावाचं कीटकनाशक असतं, मांजराला ते पचत नाही. अंग थरथरतं, फिट्स येतात, जीवही जातो. औषध मांजराचंच आणि वजनानुसार.

ठमीबद्दल: तुमची शंका रास्त आहे. या आजाराची अशी खास तपासणी नाही. बाकीची कारणं एकेक करून बाजूला सारायची आणि उरतं त्याला हे नाव द्यायचं. पाठीच्या कातडीखाली कटेनियस ट्रंकाय नावाचा पातळ स्नायू असतो, त्याच्या आकुंचनाने ती सरसर दिसते. निरोगी मांजराचीही पाठ हात लावल्यावर थोडी थरथरते, तेवढ्यावरून आजार ठरत नाही. बघायचं ते असं: पिसवा आणि त्वचेचे विकार, अन्नाची ॲलर्जी (त्यासाठी साधारण आठ आठवडे फक्त ठरवून दिलेला आहार, मध्ये एकही खाऊ नाही), मणक्याचं किंवा सांध्याचं दुखणं, आणि फिट्सचा एक प्रकार. झटक्यानंतर ती गोंधळलेली असते का? लाळ गळते का? नकळत लघवी होते का? उंच उडी मारायला कां-कूं करते का?

ठमीची_आई: लाळ नाही, लघवी नाही, नंतर गोंधळलेलीही नसते. पण उडीचं विचारलंत म्हणून लक्षात आलं, हल्ली ती कपाटावर जात नाही, खुर्चीवरून टप्प्याटप्प्याने चढते. वजन वाढल्यामुळे असेल असं घरात सगळे म्हणत होते.

शेपूटवाला (पशुवैद्य): मग कंबर आणि मणक्याची तपासणी आधी. एक्सरे काढा. तो स्वच्छ आला तरी दुखणं नाहीच असं होत नाही, म्हणून काही वेळा वेदनेवरचं औषध देऊन फरक पडतो का ते बघतात. गॅबापेंटिनचा इथे दुहेरी उपयोग: नसांची वेदनाही कमी होते आणि अस्वस्थताही. सुरुवातीला मांजर सुस्तावतं, पाय लटपटतात. नियमित चालू असेल तर मनाने एकदम बंद करू नका. फ्लुओक्सेटीन वाईट औषध नाही, पण परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे लागतात, भूक मंदावू शकते आणि क्लोमिप्रामीन या दुसऱ्या नैराश्यविरोधी औषधासोबत ते देत नाहीत. फिट्सचा संशय बळावला तर फेनोबार्बिटल. माणसांची वेदनाशामकं घरच्या घरी मुळीच नकोत, पॅरासिटामॉल तर मांजराला विष आहे.

उन्हात_लोळणारी: आमच्या बोक्याचं हेच निदान आहे, तो गोळीवर आहे. झटका आला की आम्ही हात लावत नाही, उचलत नाही, ओरडत तर नाहीच. चावा बसला तर दोष आपला. दुरून खेळण्याची दोरी फरफटवायची, लक्ष वळलं तर ठीक, नाहीतर पडदे ओढून शांत बसायचं. शेपटीच्या बुडाशी कुरवाळणं घरात कायमचं बंद, लाड फक्त गालांचे आणि हनुवटीचे. दिवसातून दोनदा दमेपर्यंत खेळ, लगेच जेवण, वेळा ठरलेल्या. आणि नोंदवही ठेवा: कधी झालं, त्याआधी काय घडलं, किती वेळ टिकलं. आमच्याकडे पाहुणे आणि खिडकीबाहेरचा परका बोका ही दोन कारणं वहीतूनच सापडली. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला कागद लावला, निम्मा त्रास तिथेच गेला. औषधाचा वाटा किती आणि कागदाचा किती, हे मात्र विचारू नका.

ठमीची_आई: सगळ्यांचे आभार. एक्सरेची वेळ घेतली आहे, पिसवांचं औषध आजच विचारते, फ्लुओक्सेटीनचं त्यानंतर ठरवू असं डॉक्टरांशी बोलले, त्यांनाही पटलं. एकच राहिलं. शेपटीच्या टोकाचे केस गेलेत, कातडी लाल दिसते. पट्टी बांधून ठेवू का?

शेपूटवाला (पशुवैद्य): घरी पट्टी नको. घट्ट झाली तर रक्तपुरवठा थांबतो, आणि काहीतरी अडकलंय म्हणून ती जास्तच चावेल. गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घाला, मऊ नको, शेपटी तोंडापर्यंत पोचणार नाही इतकी रुंद. जेवताना तुम्ही समोर बसणार असाल तरच काढा. रक्त आलं किंवा टोक काळपट, गार लागलं तर एक्सरेच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी घेऊन जा.