कुत्र्याच्या पायाला स्किन ग्राफ्ट सांगितलंय, करावं का?

धायरीकर: सोसायटीतला गण्या (आम्ही सगळे मिळून सांभाळतो) सिंहगड रोडला टेम्पोखाली आला, हाड वाचलं पण मागच्या पायाची कातडी घोट्यापासून पंजापर्यंत सोलवटून निघाली. रोज ड्रेसिंग चालूये, आता जखम लालभडक दिसते आणि जरा धक्का लागला की रक्त येतं. डॉक्टर म्हणतात छातीच्या बाजूची कातडी काढून तिथे लावू. अर्धी सोसायटी म्हणतेय कुत्र्याचं आपोआप भरतं, हळद लावा. वर्गणी मलाच काढायचीये, बसते का हो कातडी खरंच?

व्हेट_कात्रज: लालभडक आणि पटकन रक्त येतंय म्हणजे ग्राफ्टला तयार झालीये जखम, जखमेत नव्याने भरून येणारा तो लाल दाणेदार थर कातडीला रक्त पुरवतो, खाली रक्तपुरवठा नसेल तर कातडी जगतच नाही, उघड्या हाडावर तर नाहीच. पाठीवर किंवा पोटावर असती तर मीपण थांबा म्हटलं असतं, तिथे कातडी सैल असते, ओढून टाके घालता येतात. पायाला खाली ओढायला कातडीच नसते. आपोआप भरायला सोडलं तर जखम आकसते आणि सांध्यावर असेल तर पाय नीट सरळ होत नाही.
कातडी काढली की खालची चरबी पूर्ण खरवडून काढतात, मग जाळीसारखे छेद देतात म्हणजे खाली पाणी-रक्त साठत नाही. साठलं की कातडी उचलली जाते आणि गेलीच. पहिले एक-दोन दिवस ती नुसती खालून झिरपणाऱ्या द्रवावर जगते, रक्तवाहिन्या जोडल्या जायला त्यानंतर वेळ लागतो, म्हणून बँडेज हलता कामा नये. छातीवरची जखम टाके घालून बंद करतात, तिची काळजी नको.

अनुजा_कोथरूड: आमच्या लॅब्रॅडॉरचं झालंय. दादा, ऑपरेशनपेक्षा नंतरचंच अवघड, गळ्यात जखम चाटू नये म्हणून लावतात ती कॉलर चोवीस तास, जिने बंद, शूला पण पट्टा लावूनच. पहिल्यांदा बँडेज सोडलं तेव्हा कातडी जांभळी-काळपट, मी रडायलाच लागले. नंतर वरचा पापुद्रा गेला आणि खाली मस्त गुलाबी निघाली.

पेठेतला_बाप्या: गण्या रात्री झोपतो कुठे ते आधी सांगा. पार्किंगमध्ये असेल तर पैसे वाया, पावसात माशा बसल्या की अळ्या पडतात. कुणाच्या तरी घरात घ्या.

धायरीकर: तळमजल्यावरच्या काकू घेतायत घरात. हळदीचं काय सांगू पण लोकांना?

व्हेट_कात्रज: सांगा डॉक्टर नको म्हणाले. त्या पावडरीचे कण जखमेत अडकून बसतात, आम्हालाच धूत बसावं लागतं. आणि जांभळा रंग बघून घाबरू नका, वास आला किंवा पू दिसला तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

अनुजा_कोथरूड: केस येतात हं नंतर, आमच्याचे थोडे उलट्या दिशेने आलेत पण त्याला कुठे आरसा बघायचाय.