भोकाची कड वेडीवाकडी आली तर
कॉम्प्युटरच्या कॅबिनेटला फॅनसाठी भोक जिगसॉने (विजेवरच्या छोट्या करवतीने) कापलं आणि कड करवतीसारखी आली म्हणताय ना, टेन्शन नका घेऊ, माझं पहिलं भोक तर उंदराने कुरतडल्यासारखं झालेलं. १२० एमएम फॅनला भोक साधारण ११४-११५ एमएमचं लागतं, आणि स्क्रूची भोकं त्याच्या बाहेर चार कोपऱ्यांत येतात (शेजारच्या दोघांमधलं अंतर १०५), म्हणजे घासायला वाव असेल तुम्हाला. अर्धगोल कानस घ्या आणि एकाच दिशेने मारा, मागेपुढे केलं की पत्रा थरथरतो, रंग उडतो (मास्किंग टेप काढली नाहीये ना अजून?). मग गाडीच्या दाराला लावतात तसली यू आकाराची रबर पट्टी बसवा, सगळं झाकलं जातं. फक्त पट्टीमुळे फॅन जरा उचलला जातो, तेव्हा पत्रा आणि फॅनच्या मध्ये रबरी वॉशर टाका. आणि हो, मदरबोर्ड (आतला मुख्य सर्किट बोर्ड) काढूनच करा हे, लोखंडाचा कीस कुठे जाऊन बसेल नेम नाही.