शब्दचर्चा : परदेशातून निघताना ‘येते’ म्हणावे काय?

प्रश्न (दांडिया बाजार, बडोदे)

माझी भाची जर्मनीतील एका विद्यापीठात हिवाळी सत्रापुरती शिकायला गेली आहे. तेथील हे सत्र कागदोपत्री १ ऑक्टोबर ते ३१ मार्च असे असते, परंतु व्याख्याने फेब्रुवारीतच आटोपतात आणि परीक्षा झाल्या की बाहेरदेशची मुले एकेक करून परतू लागतात. ज्या वृद्ध बाईंच्या घरी ती भाड्याने राहते, त्यांना निघताना एक कार्ड द्यावे आणि त्यावर एकच मराठी शब्द लिहावा, अशी तिची इच्छा आहे. मी ‘येते’ सुचवले. त्यावर ती म्हणाली, “मावशी, मी पुन्हा तिथे जाणार नाही हे मलाही ठाऊक आहे आणि त्यांनाही, मग ‘येते’ हे खोटे नाही का?” ‘जाते’ लिहा असे सांगायला माझी जीभ रेटत नाही, आणि ‘निरोप’ म्हटले की मला हारतुरे व अध्यक्षीय भाषण आठवते. जाणकारांनी मत द्यावे.

प्रतिसाद १

‘निरोप’ शब्दाला समारंभाचा वास लागला तो अलीकडे. जुन्या मराठीत ‘निरोपणे’ म्हणजे सांगणे, आज्ञा करणे. ‘निरूपण’ हे त्याचेच सोवळ्यातले भावंड. सांगितलेली गोष्ट म्हणून ‘निरोप’ म्हणजे संदेश, आणि जाण्यासाठी मिळालेली आज्ञा म्हणूनही ‘निरोप’च, एकाच शब्दाला हे दोन अर्थ कसे, या नेहमीच्या शंकेचे उत्तर माझ्या मते येथेच आहे. म्हणून जाणारा निरोप घेतो आणि राहणारा तो देतो. एकट्याने निरोप पुरा होत नाही.

‘रजा’ शब्दाची गोष्टही अशीच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ संतोष, संमती असा; कचेरीतल्या किरकोळ रजेत तो अर्थ आता दिसेनासा झाला असला, तरी “बराय, रजा घेतो” म्हणणारा माणूस सुट्टी मागत नसतो, तो समोरच्याची संमती मागत असतो. ‘बोळवण’ मात्र येथे मुळीच चालणार नाही. पाहुण्याला काही अंतर सोबत करून वाटेला लावणे हा तिचा सुंदर अर्थ मागे पडला असून, आता लोकांची आश्वासनांवर बोळवण होते. ‘पाठवणी’ नवरीची, म्हणून तीही बाद.

आता ‘येते’. हे भविष्यकथन आहे असे धरले, तरच ते खोटे ठरेल. आपण उंबऱ्याशी “येते हं” किंवा “येऊ का?” म्हणतो, आणि आतून “ये” असे उत्तर आल्याशिवाय चप्पल पायात सरकवत नाही. म्हणजे हीसुद्धा अनुज्ञाच. गणपतीच्या उत्तरपूजेत ‘पुनरागमनाय च’ म्हणून आपण मूर्तीच्या हातावर दही ठेवतो आणि परगावी निघालेल्या मुलाच्या तळहातावरही ठेवतो. त्या वेळी परतीची तारीख कोणी विचारत नाही.

प्रतिसाद २

वरील विवेचनाशी सहमत आहे; फक्त बडोद्यात बसून ‘आवजो’ विसरू नये. गुजरातीत पाहुणाही ‘आवजो’ म्हणतो आणि यजमानही. दोघेही एकमेकांना ‘या’ म्हणतात, आणि आपल्या मराठी घरांतूनही तो शब्द किती सहज निघतो, हे येथे कोणाला सांगायला नको. तमिळमध्ये ‘पोयिट्टु वरेन’, म्हणजे ‘जाऊन येतो’; बंगालीत ‘आशि’, म्हणजे ‘येतो’. नुसते ‘जातो’ म्हणणे या सगळ्यांनाच अशुभ वाटते. युरोपात देवाच्या हवाली करण्याची चाल जुनी: फ्रेंच ‘अद्यू’ म्हणजे ‘देवापाशी’, इंग्रजी ‘गुडबाय’ हे ‘देव तुमच्याबरोबर असो’ या वाक्याचे झिजलेले रूप, आणि जर्मन मुले दिवसातून दहादा म्हणतात ते ‘च्यूस’देखील याच ‘अद्यू’च्या गोत्रातले. जर्मनांचे ‘आउफ वीडरझेएन’ मात्र ‘पुन्हा भेटेपर्यंत’ असे आहे, आणि टेलिफोनवर भेट होत नसल्यामुळे तेथे ते काटेकोरपणे ‘आउफ वीडरह्योरेन’, ‘पुन्हा ऐकेपर्यंत’, असे म्हणतात! भाचीबाईंनी हेच लिहावे असे मी म्हणणार नाही. तो शब्द बाईंच्या घरचाच आहे, त्यात नवे ते काय?

प्रतिसाद ३

‘येतो’ला उत्तर लागते, या मुद्द्यावर आपल्या शहरापुरती एक गोष्ट नोंदवतो. डॉ. आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, ते परतल्यावर १० वर्षे बडोदे संस्थानची चाकरी करण्याचा करार करून. म्हणजे त्यांचे ‘जाऊन येतो’ लेखी होते. १९१७ मध्ये ते नोकरीवर रुजू झाले, आणि या शहरात त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशांच्या धर्मशाळेतूनही त्यांना बाहेर काढले गेले. ‘या’ म्हणणारे कोणी निघाले नाही. कमाटी बागेतील संकल्पभूमी या त्यांच्या स्मारकावरून जाताना मला हे क्रियापद नेहमी आठवते.

प्रश्नकर्तीकडून

सर्वांचे आभार. हे सारे मी भाचीला फोनवर वाचून दाखवले. तिने कार्डावर ‘येते’ असेच लिहिले आहे, आणि खाली जर्मनमध्ये, मराठीत निघणारी व्यक्ती असे म्हणून परवानगी मागते आणि घरच्या मोठ्या माणसाने ‘ये’ म्हणायचे असते, अशी दोन ओळींची टीपही जोडली आहे. देश सोडताना तेथे नगर कार्यालयात नावनोंदणी रद्द करावी लागते, ते काम तिने कालच उरकले. तिच्या म्हणण्याप्रमाणे तो सरकारी निरोप. कार्ड देण्याआधी बाईंना ‘ये’ शिकवून ठेवावे, असे मी तिला सुचवले होते. एकाक्षरी असल्यामुळे तो त्यांना पहिल्याच खेपेला जमला, असे ती कळवते.